अमेरिकेत कुणी विमान शिकवेना, म्हणून ती फ्रान्सला गेली आणि पायलट होऊनच परतली : बेसी कोलमनची गोष्ट

गोष्ट आहे फेब्रुवारी १९२३ ची. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये एका मैदानावर हजारो लोक विमानाची वाट बघत उभे होते. विमान बघणं हीच त्या काळात मोठी गोष्ट. त्यात आज ते विमान एक कृष्णवर्णीय बाई चालवणार होती. कसरती करणार होती. असं दृश्य तिथल्या बहुतेकांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पण विमान काही आलंच नाही.

शेजारच्या सँटा मोनिकामधून तिने टेकऑफ घेतला होता. विमान जेमतेम ३०० फुटांवर पोहोचलं आणि इंजिन बंद पडलं. विमानाचं नाक खाली झुकलं आणि ते थेट जमिनीवर आदळलं. तिचा पाय मोडला, बरगड्या मोडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच घेतलेलं स्वतःचं विमान पहिल्याच शोच्या आधी संपलं. तिने दवाखान्यातून चाहत्यांना तार पाठवली. त्यात निरोप होता की पाय बरा झाला की मी पुन्हा उडणार.

तिचं नाव बेसी कोलमन. पायलटचं लायसन्स मिळवणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन महिला. तिने शब्द पाळला, ती पुन्हा उडाली. पण तीन वर्षांनी अशाच एका जुन्या विमानाने तिचा जीव घेतला.

युरोपात जाऊन रीतसर शिकलेल्या या पायलटच्या वाट्याला दोन्ही वेळा जुनाट विमानच का आलं? तिच्या आयुष्याची गोष्ट नीट बघितली की याचं उत्तर मिळतं.

कापूस वेचणारी मुलगी

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ चा. टेक्सास राज्यातल्या ॲटलांटा नावाच्या छोट्या गावातला. जॉर्जियातलं प्रसिद्ध ॲटलांटा वेगळं, हे वेगळं. आई सुझन आणि वडील जॉर्ज दुसऱ्याच्या जमिनीवर बटईने शेती करायचे. तेरा भावंडांत बेसीचा नंबर दहावा. त्यातली काही लहानपणीच गेली.

ती दोन वर्षांची असताना कुटुंब टेक्सासमध्येच वॅक्सहाची गावी आलं. हा सगळा पट्टा कापसाचा. कृष्णवर्णीय मुलांसाठी एका खोलीची शाळा होती, तीही घरापासून सुमारे चार मैलांवर, म्हणजे सहा किलोमीटरच्या पुढे. बेसी ते अंतर रोज चालत जायची. पण कापसाची बोंडं फुटली की शाळा बंद आणि सगळं घर वेचणीला. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात ज्यांनी हे पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात बेसी गणितात पुढे होती आणि तिला वाचनाची गोडी होती. गावात येणाऱ्या फिरत्या वाचनालयाची पुस्तकं ती मिळतील तशी वाचायची.

तेव्हाच्या टेक्सासमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाळा, रेल्वेत वेगळा डबा, सगळंच वेगळं आणि सगळंच निकृष्ट. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारल्याच्या बातम्या येत राहायच्या. वडिलांच्या घराण्यात अमेरिकेच्या मूळनिवासी जमातींचं रक्त होतं. १९०१ मध्ये त्यांनी शेजारच्या मूळनिवासींच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात जायचं ठरवलं. आई तयार झाली नाही. वडील गेले ते गेलेच. घर आईच्या एकटीच्या कमाईवर आलं.

बेसीने लोकांचे कपडे धुऊन पैसे साठवले आणि १९१० मध्ये ओक्लाहोमातल्या लँग्स्टन इथे कृष्णवर्णीयांसाठीच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. एक सत्र झालं आणि पैसे संपले. ती परत वॅक्सहाचीला आली आणि पुन्हा कपडे धुवायला लागली.

न्हाव्याच्या दुकानात ठरलेला प्लॅन

वयाच्या २३ व्या वर्षी बेसीने टेक्सास सोडलं आणि ती शिकागोला भावांकडे गेली. त्या वर्षांत दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय असेच उत्तरेच्या शहरांकडे निघाले होते. कारखान्यांत काम मिळत होतं आणि रोजचा अपमान थोडा कमी होईल अशी आशा होती.

बेसीने मॅनिक्युअरचं काम शिकून घेतलं आणि व्हाइट सॉक्स बार्बर शॉप या दुकानात ती गिऱ्हाइकांच्या नखांची निगा राखायला लागली. अशी दुकानं म्हणजे गावगप्पांचा अड्डा. पहिलं महायुद्ध संपलं तसे फ्रान्सहून परतलेले सैनिक इथे बसून युद्धाचे किस्से सांगायचे. वैमानिकांचे किस्से त्यात सगळ्यात भारी.

तिचा भाऊ जॉनसुद्धा फ्रान्समध्ये लढून आला होता. तो बहिणीला चिडवायचा की फ्रान्समधल्या बायका विमान चालवतात, तुम्हाला ते काही जमणार नाही. भावाने गंमत केली, बहिणीने ती मनावर घेतली. आता विमान चालवायचंच, असं तिने ठरवलं.

पण शिकवणार कोण? तिने अमेरिकेतल्या विमान शाळांची दारं ठोठावली. उत्तर सगळीकडून एकच आलं, नाही. बाई म्हणून नाही आणि कृष्णवर्णीय म्हणून तर नाहीच. काळ कसा होता बघा. जुलै १९१९ मध्ये याच शिकागोत वांशिक दंगल झाली. ३८ माणसं मारली गेली, त्यातली २३ कृष्णवर्णीय होती.

इथे एन्ट्री होते रॉबर्ट ॲबट यांची. ॲबट हे शिकागो डिफेंडर या साप्ताहिकाचे संस्थापक. कृष्णवर्णीयांचं हे तेव्हाचं सगळ्यात प्रभावी वृत्तपत्र होतं. रेल्वेत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर त्याचे अंक दक्षिणेतल्या गावागावांत पोहोचवायचे. ॲबटनी बेसीला रस्ता दाखवला. इथे शिकवत नाहीत ना, मग फ्रान्सला जा. त्याआधी फ्रेंच शीक आणि पैसे जमव.

बेसी रात्रीच्या क्लासला जाऊन फ्रेंच शिकली. मॅनिक्युअरचे पैसे बाजूला टाकले. ॲबट आणि बँकर जेसी बिंगा यांनी मदत केली. २० नोव्हेंबर १९२० ला न्यूयॉर्कहून तिचं जहाज निघालं.

लायसन्स मिळालं

उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या मुखाशी ल क्रोतुआ नावाचं गाव आहे. तिथे कोद्रों बंधूंची विमान शाळा होती. बेसीला इथे प्रवेश मिळाला.

शिकायचं विमान होतं न्यूपोर ८२. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, एकावर एक दोन पंख आणि वरून उघडी कॉकपिट. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. शिक्षकाची दांडी आणि पायाखालचा दांडा जसा हलेल तसा विद्यार्थ्यापुढचाही हलायचा. ते बघत, हाताला जाणवून घेत शिकायचं. शिकत असताना तिने आपल्याच शाळेतल्या एका विद्यार्थ्याला अपघातात मरताना पाहिलं. तरी तिने शिकणं थांबवलं नाही.

१५ जून १९२१ ला आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाचं, म्हणजे फेदेरासियाँ एरोनॉटिक इंतरनासिओनालचं पायलट लायसन्स तिच्या हातात पडलं. लायसन्सवर जन्मवर्ष १८९६ लिहिलेलं होतं. वय चार वर्षांनी कमी केलेलं.

हा काळ किती आधीचा होता ते कळण्यासाठी दोन तारखा बघा. अमिलिया इअरहार्ट हे नाव जगभर माहीत आहे. तिला याच महासंघाचं लायसन्स १९२३ मध्ये मिळालं. आपल्याकडे जेआरडी टाटांना भारतातलं पहिलं लायसन्स मिळालं ते १९२९ मध्ये.

पायलट झाली, पण विमान कुठंय?

सप्टेंबर १९२१ मध्ये बेसी न्यूयॉर्कला परतली तेव्हा पत्रकारांनी तिला गराडा घातला. कौतुक झालं. पण कौतुकाने पोट भरत नाही.

प्रवासी विमानसेवा अजून नीट सुरूच झाली नव्हती. पायलटला कमवायचा एक हमखास मार्ग म्हणजे बार्नस्टॉर्मिंग. गावाबाहेरच्या मैदानात विमान उतरवायचं, तिकीट लावायचं आणि आकाशात कसरती करायच्या. कोलांट्या, इंग्रजी आठच्या आकाराच्या गिरक्या, जमिनीजवळ येऊन शेवटच्या क्षणी वर जाणं. कुणी पंखावर चालायचं, कुणी पॅराशूट घेऊन उडी मारायचं. आपल्याकडे जत्रेत मौत का कुआँ असतो ना, त्याची ही आकाशातली आवृत्ती समजा.

साधं विमान चालवणं आणि कसरती करणं यात फरक आहे. ते शिकवायलाही अमेरिकेत कुणी तयार होईना. म्हणून फेब्रुवारी १९२२ मध्ये बेसी पुन्हा युरोपला गेली. फ्रान्स, नेदरलँड्स आणि जर्मनीत ती फिरली. प्रसिद्ध विमान निर्माते अँथनी फोकर यांना भेटली, जर्मनीत प्रशिक्षण घेतलं.

३ सप्टेंबर १९२२ ला न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस फील्डवर अमेरिकेतला तिचा पहिला शो झाला. महायुद्धात लढलेल्या ३६९ व्या पायदळ रेजिमेंटच्या सन्मानार्थ हा कार्यक्रम होता. या रेजिमेंटमधले सैनिक कृष्णवर्णीय होते. शो पुरस्कृत केला होता ॲबट आणि त्यांच्या डिफेंडरने. पुढच्या काही आठवड्यांत शिकागोतही शो झाला. लोक तिला क्वीन बेस म्हणायला लागले. लष्करी थाटाचा ड्रेस, उंच बूट आणि आकाशात बिनधास्त गिरक्या. गर्दी खेचायला कमी पडत नव्हती.

कमी पडत होतं ते विमान. शो करायचा तर विमान दुसऱ्याचं, उसनं किंवा भाड्याने. स्वतःचं घ्यायचं तर पैसे हवेत आणि पैसे मिळवायचे तर विमान हवं.

४०० डॉलरची जेनी

शेवटी तिने जमवाजमव करून ४०० डॉलरला एक कर्टिस जेएन-४ घेतलं. या विमानाला सगळे लाडाने जेनी म्हणायचे.

जेनी हे पहिल्या महायुद्धात पायलटना शिकवण्यासाठी बनवलेलं विमान. युद्धात अशी हजारो विमानं बनली आणि युद्ध संपल्यावर सरकारला ती नकोशी झाली. मग कवडीमोलाने विकायला काढली. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेण्यासारखाच हा प्रकार. स्वस्त मिळाली तरी पुढे किती चालेल याची गॅरंटी नाही.

जेनीचं ओएक्स-५ इंजिन होतं ९० हॉर्सपॉवरचं. म्हणजे आजच्या साध्या कारएवढी ताकद. त्याच्या प्रत्येक सिलिंडरला एकच स्पार्क प्लग. आज पिस्टन इंजिनाच्या विमानांत साधारणपणे प्रत्येक सिलिंडरला दोन असतात, एक दगा देईल तर दुसरा चालू राहावा म्हणून. जेनीत ती सोय नव्हती. छोटासा बिघाडही इंजिन बंद पाडायला पुरेसा होता.

आणि इंजिन टेकऑफनंतर लगेच बंद पडणं ही सगळ्यात वाईट वेळ. का ते समजून घ्या.

विमान हवेत टिकतं ते पंखांवरून वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे. टेकऑफला नाक वर असतं, वेग कमी असतो. अशा वेळी इंजिन थांबलं की वेग काही सेकंदांत उतरतो. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की पंख विमानाला पेलू शकत नाहीत आणि नाक खाली जातं. यालाच स्टॉल म्हणतात. उपाय सोपा आहे. नाक स्वतःहून खाली करायचं, वेग परत मिळवायचा आणि समोर जिथे जागा मिळेल तिथे उतरायचं. पण त्यासाठी खाली पुरेशी उंची शिल्लक लागते. ३ हजार फुटांवर असाल तर विचार करायला वेळ मिळतो. ३०० फुटांवर, म्हणजे साधारण तीस मजली इमारतीएवढ्या उंचीवर, मोजके सेकंद मिळतात.

आज स्कायडायव्हिंगची विमानं दिवसातून अनेकदा टेकऑफ करतात, तेव्हाही हाच टप्पा सगळ्यात नाजूक मानला जातो. पाठीवर पॅराशूट असूनही इतक्या खाली उडी मारता येत नाही, कारण ते पूर्ण उघडायलाही उंची लागते.

सँटा मोनिकात बेसीला ती उंची मिळाली नाही. ती वाचली हेच नशीब. त्यानंतर कित्येक महिने तिला विमानापासून लांब राहावं लागलं.

पैसे नाहीत, पण अटी आहेत

बेसीला तिच्या काळातल्या बाकीच्या कसरतबाजांपेक्षा वेगळं ठरवतात ते तिचे दोन नकार.

पहिला सिनेमाचा. एका कंपनीने तिला मुख्य भूमिका दिली. सिनेमातून प्रसिद्धी आणि पैसा दोन्ही मिळालं असतं. पण पहिल्याच सीनमध्ये तिने फाटके कपडे घालून, हातात काठी आणि पाठीवर बोचकं घेऊन यायचं होतं. दक्षिणेतली अडाणी कृष्णवर्णीय बाई, म्हणजे गोऱ्या प्रेक्षकांना पडद्यावर बघायची सवय होती अगदी तशी. बेसी सिनेमा सोडून निघून आली. तिच्या भल्यासाठी धडपडणारे काही लोकही यामुळे नाराज झाले. विमान घ्यायला एकेक डॉलर जमवणाऱ्या बाईने हा निर्णय घेतला होता, हे लक्षात घ्या.

दुसरा नकार तिच्याच गावात. १९२५ मध्ये ती टेक्सासला परतली. १९ जूनला ह्यूस्टनमध्ये तिचा शो झाला. टेक्सासमधल्या गुलामांना मुक्त केल्याची घोषणा झाली तो हा दिवस. मग वॅक्सहाचीत शो ठरला. तिथे गोऱ्यांसाठी एक गेट आणि कृष्णवर्णीयांसाठी दुसरं, असा बेत होता. बेसीने सांगितलं की गेट एकच असेल तर मी उडणार, नाहीतर नाही. आयोजकांना ऐकावं लागलं. त्या दिवशी सगळे एकाच गेटमधून आत गेले. आत गेल्यावर मात्र बसायच्या जागा वेगळ्याच राहिल्या. पूर्ण विजय झाला नाही, पण १९२५ च्या टेक्सासमध्ये एवढंही कमी नव्हतं.

या काळात ती शाळांमध्ये, चर्चमध्ये, थिएटरमध्ये व्याख्यानं द्यायची. आपल्या उड्डाणाच्या फिल्म दाखवायची. तिचं खरं ध्येय वेगळंच होतं. तिला कृष्णवर्णीयांसाठी विमान शाळा काढायची होती. आपल्याला शिकायला समुद्र ओलांडावा लागला, पुढच्यांना लागू नये. पैसे उभे करण्यासाठी तिने फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत ब्यूटी पार्लरसुद्धा काढलं.

३० एप्रिल १९२६

१९२६ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनविल शहरात बेसीचा शो ठरला. तारीख १ मे. यात ती पॅराशूटने उडी मारणार होती.

विमान होतं पुन्हा एक जुनी जेनी, टेक्सासमधल्या डॅलसमध्ये घेतलेली. एडविन बीमन नावाच्या एका श्रीमंत माणसाने शेवटचा हप्ता भरायला मदत केली तेव्हा कुठे ती हाती आली. २४ वर्षांचा मेकॅनिक विल्यम विल्स ती डॅलसहून उडवत जॅक्सनविलला घेऊन आला. वाटेत विमानात बिघाड होऊन त्याला एकापेक्षा जास्त वेळा मध्येच उतरावं लागलं. यावरून विमानाची अवस्था काय होती ते कळतं.

शोच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिलच्या सकाळी दोघं सरावासाठी निघाले. विल्स पुढे बसून विमान चालवत होता, बेसी मागच्या सीटवर. दुसऱ्या दिवशी उडी कुठे मारायची ते तिला वरून बघायचं होतं. पॅराशूटच्या उडीत हे फार महत्त्वाचं असतं. वारा कुठून येतोय, झाडं कुठे आहेत, गर्दी कुठे असेल आणि मोकळं मैदान किती, हे आधी बघून ठेवावं लागतं. त्या काळातली पॅराशूट आजच्यासारखी हवी तशी वळवता येत नव्हती. त्यामुळे उडीची जागा चुकली की सगळंच चुकलं. कॉकपिटच्या काठावरून वाकून नीट बघता यावं म्हणून तिने सीटबेल्ट लावला नव्हता.

उड्डाणाला साधारण दहा मिनिटं झाली असतील. विमान सुमारे ३ हजार फुटांवर होतं. अचानक त्याने खाली सूर मारला आणि ते गिरक्या घेऊ लागलं. सुमारे २ हजार फुटांवर बेसी विमानाबाहेर फेकली गेली. जमिनीवर पडताच तिचा मृत्यू झाला. विल्सला विमान सावरता आलं नाही. विमान कोसळलं, त्यात तोही गेला आणि अवशेषांना आग लागली.

बेसी तेव्हा ३४ वर्षांची होती.

एक पाना

जळालेल्या अवशेषांत अपघाताचं कारण सापडलं. इंजिनाच्या दुरुस्तीसाठी वापरलेला एक पाना विमानातच राहिला होता आणि तो कंट्रोलच्या यंत्रणेत जाऊन अडकला होता.

जेनीसारख्या विमानात पायलटच्या हातातली दांडी तारा आणि कप्प्यांमार्फत शेपटी आणि पंखांवरच्या हलत्या भागांना जोडलेली असायची. सगळं जवळजवळ उघडंच. सुटी वस्तू घरंगळत तिथे गेली की दांडी जाम. पायलट कितीही कसलेला असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. आज विमानाच्या हँगरमध्ये प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली असते. काम संपल्यावर मोजदाद होते. एक पाना जरी कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. ही शिस्त असेच जीव गेल्यावर आली.

आणखी एक गोष्ट. बेसी गेली त्या दिवशी अमेरिकेत विमान आणि पायलटसाठी देशपातळीवरचा कायदाच नव्हता. कुणीही कसलंही विमान उडवू शकत होतं. विमान उडण्यायोग्य आहे की नाही हे तपासणारं सरकारी खातं नव्हतं. त्यानंतर तीनच आठवड्यांत, २० मे १९२६ ला, राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी एअर कॉमर्स ॲक्टवर सही केली. पायलटचं लायसन्स, विमानाची नोंदणी आणि तपासणी या गोष्टी त्यातून सरकारच्या जबाबदारीत आल्या. हा कायदा बेसीच्या मृत्यूमुळे झाला नाही, त्याची तयारी आधीपासून सुरू होती. पण तिच्या जेनीची जी तपासणी कधी झाली नाही, ती आता बंधनकारक होणार होती.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर बघा. जुनी जेनी उडवणारे गोरे पायलटही तेव्हा मरत होतेच. धंदाच जीवघेणा होता. पण गोऱ्या पायलटला घराजवळ शिकता येत होतं, कंपनीत नोकरी मिळत होती, टपाल विमानावर काम मिळत होतं. बेसीला यातलं एकही दार उघडं नव्हतं. दोनदा समुद्र ओलांडण्यात पैसे गेले. जे उरलं त्यात चांगलं विमान येणार नव्हतं. पाना हे तांत्रिक कारण झालं. पण तिला त्या विमानात बसवलं ते इतकी वर्षं मिळालेल्या नकारांनी.

नंतर काय झालं?

बेसीला निरोप द्यायला जॅक्सनविल, ऑर्लँडो आणि शिकागो अशा तीन शहरांत प्रार्थनासभा झाल्या. शिकागोत सुमारे १० हजार लोक आले. तिथल्या सभेचं नेतृत्व आयडा बी. वेल्स यांनी केलं. जमावाने केलेल्या हत्यांविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या या मोठ्या पत्रकार.

गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी तिच्या मृत्यूची फारशी दखल घेतली नाही. द न्यूयॉर्क टाइम्सने राहून गेलेल्या मोठ्या माणसांवरच्या मालिकेत तिचा मृत्युलेख छापला, तो २०१९ मध्ये. मृत्यूनंतर ९३ वर्षांनी.

पण जिथे तिचा आवाज पोहोचायला हवा होता तिथे तो पोहोचला होता. १९२९ मध्ये विल्यम पॉवेल या इंजिनिअरने लॉस एंजेलिसमध्ये बेसी कोलमन एरो क्लब काढला. कृष्णवर्णीयांना तिथे विमान शिकवायला सुरुवात झाली. तीही बेसीचं पहिलं विमान जिथे कोसळलं त्याच परिसरात.

शिकागोत जॉन रॉबिन्सन आणि कॉर्नेलियस कॉफी या दोघा कृष्णवर्णीय मेकॅनिकनी पायलटांची संघटना उभी केली. १९३१ पासून या पायलटांनी बेसीच्या कबरीवरून विमानं नेऊन फुलं टाकायची प्रथा सुरू केली. पुढे कॉफी आणि विला ब्राउन यांनी शिकागोजवळ विमान शाळा चालवली. तिथे शिकलेले काहीजण दुसऱ्या महायुद्धात टस्कीगी एअरमेन म्हणून लढले. अमेरिकेच्या लष्करातले हे पहिले कृष्णवर्णीय वैमानिक. बेसीला जी शाळा काढायची होती, ती या लोकांनी काढली.

सप्टेंबर १९९२ मध्ये मे जेमिसन ही अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली. एंडेव्हर यानातून जाताना तिने सोबत बेसीचा फोटो नेला होता. १९९५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने बेसीचं तिकीट काढलं. २०२३ मध्ये तिचं चित्र असलेलं पाव डॉलरचं नाणं आलं. शिकागोच्या ओहेअर विमानतळाजवळच्या एका रस्त्याला तिचं नाव आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं एक विमान डॅलसहून फीनिक्सला गेलं. बेसीच्या अमेरिकेतल्या पहिल्या शोला शंभर वर्षं होत आली म्हणून हे खास उड्डाण ठेवलं होतं. पायलट, केबिन क्रू, सामान चढवणाऱ्या आणि विमानाची देखभाल करणाऱ्या, सगळ्याजणी कृष्णवर्णीय महिला होत्या. याच डॅलसहून १९२६ मध्ये विल्स ती शेवटची जेनी घेऊन निघाला होता.